गेटबाहेरची झोप

इंद्रायणी ओलांडून पुणे–नाशिक महामार्गाने चाकणकडे निघालं, की रात्री अकरानंतर रस्त्याच्या दोन्ही कडांना एक वेगळीच वस्ती उभी राहिलेली दिसते. चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा; मग चाकणच्या तळेगाव चौकातून डावीकडे वळलं की खराबवाडी, म्हाळुंगे, खालुंब्रे. कंटेनर, ट्रेलर, पत्र्याची गुंडाळी वाहणाऱ्या उघड्या हौद्याच्या गाड्या, नव्या मोटारी नेणारे लांबलचक कार कॅरिअर. केबिनच्या काचेला आतून टॉवेल लावलेला. कुणी चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात टाकलेला. आणि बहुतेक फोनवर तेच बोलणं चाललेलं: गाडी खाली झाली का? नाही. नंबर लागला का? अजून नाही.

ट्रकचालकाने सुरक्षित गाडी कशी चालवावी, याबद्दल आपल्याकडे पुष्कळ सांगितलं जातं. वेग आवरा, दारू पिऊ नका, पट्टा बांधा, लेन सोडू नका. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण चाकणच्या पट्ट्यात हा विषय स्टिअरिंगपासून सुरू करता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सुरू होतो कारखान्याच्या गेटबाहेर, गाडी उभी असताना.

हा पट्टा उभा राहिला तोच गाड्यांवर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळरानावर कारखाने आले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, बजाज ऑटो, बजाज टेम्पो म्हणजे आजची फोर्स मोटर्स. निगडीला मालवाहतुकीसाठी ट्रान्सपोर्टनगरी झाली. पुढे जागा अपुरी पडली आणि उद्योग चाकण–तळेगावकडे सरकला. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे चाकणचे कारखाने सुरू झाले, त्यामागोमाग महिंद्राचा आला, आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे शेकडो लहान-मोठे कारखाने. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण पंधरा-वीस वर्षांत मोटारींचं गाव झालं.

या कारखान्यांचं गणित समजून घेतल्याशिवाय ड्रायव्हरचं गणित समजत नाही. मोटारीच्या कारखान्यात आता सुट्या भागांचा मोठा साठा ठेवत नाहीत. साठा म्हणजे अडकलेलं भांडवल. म्हणून माल लागेल तेव्हा, लागेल तेवढा आणि ठरलेल्या तासाला यावा अशी व्यवस्था असते. हिशेबाच्या वहीत गोदाम आक्रसतं, पण माल कुठेतरी असावाच लागतो. तो रस्त्यावर असतो, चाकांवर असतो. उशीर झाला तर जुळणीची साखळी थांबेल म्हणून पुरवठादार ट्रान्सपोर्टरच्या मागे लागतो, ट्रान्सपोर्टर ड्रायव्हरच्या. गाडी लवकर पोहोचली तर मात्र घाई कुणालाच नसते. ड्रायव्हरने बाहेर थांबायचं.

समजा, न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन एक चालक संध्याकाळी निघाला. पनवेल, खालापूर, बोरघाट, तळेगाव करत पहाटे चारला तो म्हाळुंग्यात पोहोचला. गेटवर कागद दिले, टोकन मिळालं, गाडी रांगेत लागली. आता झोपायचं म्हटलं तर रांग कधी सरकेल ते माहीत नाही. रांग सरकली आणि हा झोपेत राहिला तर मागच्या दहा गाड्यांचे हॉर्न आणि सुरक्षारक्षकाची शिवी. क्लीनर बरोबर असता तर आळीपाळीने डोळा लागला असता, पण खर्च वाचवायला क्लीनर ठेवणं अनेक मालकांनी कधीच बंद केलं. शौचालय आत आहे आणि आत जायला पास लागतो. ऊन चढतं, केबिनचा पत्रा तापतो. दुपारी दोनला गाडी आत जाते, चारला खाली होते. मग शहरात गर्दीच्या वेळेत अवजड वाहनांना बंदी, म्हणून पुन्हा कडेला. रात्री नऊला मालकाचा फोन येतो: तळेगावला परतीचं भाडं मिळालंय, भरून घे आणि नीघ.

मालकाच्या हिशेबात या माणसाने दिवसभर आराम केला. गाडीचं चाक फिरलेलंच नाही. प्रत्यक्षात त्याला उठून तीस तास झाले आहेत आणि आता त्याला रात्रीचा बोरघाट उतरायचा आहे.

हे भावनेचं बोलणं नाही, याचा हिशेब झालेला आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जानेवारी 2018 मध्ये एक अहवाल दिला. माल भरण्या-उतरवण्याच्या ठिकाणी ट्रक किती वेळ अडकून पडतो आणि त्याचा अपघातांशी काय संबंध, हे त्यांनी तपासलं. थांबण्याचा सरासरी वेळ 15 मिनिटांनी वाढला की अपघाताचं अपेक्षित प्रमाण 6.2 टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंधरा मिनिटं! आणि तीही अशा देशात, जिथे अकरा तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि तास मोजायला ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेलं असतं. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं.

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे सगळं लिहिलेलं होतं. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे आणि आठ तासांचं तत्त्व तिथेही आहे. अडचण अशी, की हे तास मोजतं कोण? ट्रकच्या डॅशबोर्डवरची कागदांची पिशवी उघडून बघा. फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, बिल्टी, ई-वे बिल. ई-वे बिलाला तर 200 किलोमीटरमागे एक दिवस अशी मोजून मुदत असते. गाडीची मुदत लिहिलेली आहे, मालाची लिहिलेली आहे. माणूस शेवटचा कधी झोपला हे सांगणारा एकही कागद त्या पिशवीत नसतो.

2020 मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा यांनी देशातल्या दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून एक अहवाल काढला. थकवा किंवा झोप आली तरी आम्ही गाडी चालवतो, असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं. यात नवल वाटू नये. ज्याची कमाई फेरीवर आणि भत्त्यावर ठरते, तो जांभई आली म्हणून गाडी बाजूला घेणार नाही. तो खिडकी उघडेल, तंबाखू मळेल, गाणी मोठ्याने लावेल, चहाचा आणखी एक कप पिईल. पण झोपेवर यातला एकही उपाय चालत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर स्वतःहून मिटत जातं. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन सेकंद बंद पडतो आणि ते त्या माणसाला कळतही नाही. ताशी 60 च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी 50 मीटर जाते. त्या 50 मीटरमध्ये ती कुणाच्याच ताब्यात नसते. यावर औषध एकच, सुरक्षित जागी गाडी लावून वीस-पंचवीस मिनिटं तरी झोपणं. आणि सुरक्षित जागा हीच तर या पट्ट्यातली दुर्मीळ वस्तू आहे.

जागा नसल्याने गाडी महामार्गाच्या कडेला उभी राहते. त्याच रस्त्यावरून सकाळच्या पाळीला जाणाऱ्या दुचाकी येतात. चिखली, मोशी, भोसरी, तळवडे इथल्या खोल्यांमधून पोरं अंधारातच निघालेली असतात, कारण उशिरा पोहोचलं की हजेरी कापली जाते. म्हणजे रस्त्यावरचे दोघेही एकाच घड्याळाला बांधलेले. एकाला गेटच्या आत घेत नाहीत म्हणून तो कडेला उभा, दुसऱ्याला गेट बंद व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून तो वेगात. धुकं असेल, समोरून येणाऱ्याने दिवे पूर्ण सोडलेले असतील, आणि उभ्या ट्रेलरच्या मागचे दिवे बंद असतील, तर त्या दुचाकीस्वाराला ट्रेलर दिसतो तेव्हा ब्रेक लावायलाही वेळ उरलेला नसतो.

उभी गाडी काय करू शकते हे याच महामार्गाने 17 जानेवारी 2025 ला दाखवलं. नारायणगावजवळ प्रवासी घेऊन चाललेल्या एका छोट्या व्हॅनला मागून मालवाहू टेम्पोने धडक दिली आणि ती व्हॅन रस्त्यावर उभ्या असलेल्या रिकाम्या एसटीवर जाऊन आदळली. नऊ माणसं गेली. त्याच्या आदल्याच दिवशी चाकण–शिक्रापूर रस्त्यावर एका कंटेनरने एकामागून एक अनेक वाहनांना धडका दिल्या होत्या.

ड्रायव्हरच्या हातात जे आहे, ते इथे अगदी साधं आहे. थांबावंच लागलं तर गाडी पूर्ण डांबराबाहेर, मातीवर घ्यायची. चारही इंडिकेटर चालू. मागे लाल त्रिकोण ठेवायचा, आणि तो बंपरला टेकवून नव्हे तर पन्नास-एक मीटर मागे. नुसता दगड ठेवायचा नाही. गाडी काढल्यावर दगड तिथेच राहतो आणि पुढच्या दुचाकीचा घात करतो. मागची परावर्तक पट्टी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायची, कारण चाकणच्या धुळीत ती चार दिवसांत आंधळी होते. आणि मागचा आडवा लोखंडी दांडा, म्हणजे दुचाकी किंवा मोटार ट्रकच्या खाली घुसू नये म्हणून कायद्याने बंधनकारक केलेला तो दांडा, वाकला असेल तर सरळ करून घ्यायचा. अनेक गाड्यांना तो पाहिजे त्यापेक्षा उंच तरी असतो किंवा फक्त पासिंगपुरता लावलेला असतो. याची जबाबदारी मालकाची आहे, हेही इथेच सांगायला हवं.

आता उताराबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण या पट्ट्यातून निघणारी जवळपास प्रत्येक गाडी कुठला ना कुठला उतार उतरते. मुंबईकडे बोरघाट. दक्षिणेकडे देहूरोड–कात्रज बाह्यवळण, खंबाटकी. आणि परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, जो दिसायला सौम्य आहे म्हणूनच फसवतो.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने पुढची वाहनं उडवत नेली. पहिल्या बातम्यांत 48 वाहनांचा आकडा आला होता. ब्रेक निकामी झाल्याचं सुरुवातीला सांगितलं गेलं. तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याची बाब पुढे आली. त्याच परिसरात 13 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा कंटेनरचा अपघात होऊन आग लागली आणि आठ जण दगावले.

उतारावर गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिन बंद करायचं, ही सवय डिझेल वाचवण्यासाठी लागते. काही ठिकाणी मालक फेरीला डिझेल मोजून देतात आणि वाचलेलं ड्रायव्हरचं, असा सरळ व्यवहार असतो. पण त्या दोन-तीन लिटरमागे काय जातं ते पाहा. गियरमध्ये असलेलं इंजिन चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की ती ओढ संपते आणि 30–40 टनांचं सगळं वजन ब्रेकच्या लाइनरवर येतं. दोन-तीन किलोमीटर पाय ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो, लाइनर जळाल्याचा वास येतो, आणि पाय पूर्ण दाबला तरी गाडी पकड घेत नाही. ब्रेक तुटलेला नसतो. तो तापून निकामी झालेला असतो. त्यात इंजिन बंद असेल तर हवेचा कॉम्प्रेसरही बंद. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते आणि नवी हवा भरत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. दोन लिटर डिझेल वाचवताना गाडी थांबवण्याची आणि वळवण्याची दोन्ही साधनं हातची गेली.

म्हणून जुने उस्ताद नवख्याला शिकवतात: ज्या गियरने घाट चढशील, त्याच गियरने उतर. गियर उतार सुरू होण्याच्या आधीच टाकायचा, कारण एकदा वेग चढला की खालचा गियर पडत नाही आणि धडपडीत गाडी न्यूट्रलमध्येच राहते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो लावायचा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. एकदा ठाम दाबून वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, ड्रमला थंड व्हायला वेळ द्यायचा. निघण्याआधी हवेचा काटा पूर्ण चढू द्यायचा. सकाळी टाकीतलं पाणी खालच्या कॉकमधून सोडून द्यायचं. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाज ऐकायचा. भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला बद्द. गाडीभोवतीच्या या फेरीला दहा मिनिटं लागतात. पण गेटवर बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाला नेमक्या त्याच क्षणी "चल, काढ गाडी" म्हणून हाकलतात, आणि ती दहा मिनिटं जातात.

मालाच्या बांधणीचंही तेच. मोटारींच्या पत्र्याची गुंडाळी दहा-वीस टनांची असते. ती हौद्यात लाकडी गुटक्यांत बसवून साखळ्यांनी पक्की आवळली नाही, तर पहिल्या जोराच्या ब्रेकला ती पुढे सुटते आणि पुढे केबिन असते. बांधणी भरणाऱ्याने करायची की ड्रायव्हरने, यावर गेटच्या आत कुणी स्पष्ट बोलत नाही. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळणं ही चांगल्या ड्रायव्हरची सवय आहे, कारण पहिल्या खड्ड्यांत त्या सैल होतातच. चाकणच्या रस्त्यांवर तर नक्कीच.

तळेगाव चौकातलं डावं वळण हा आणखी एक धडा. ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आत कापत येतात. म्हणून ड्रायव्हर गाडी आधी उजवीकडे मोकळी घेतो. डावीकडे जागा झालेली दिसते आणि दोन दुचाकी तिथे शिरतात. केबिनच्या डाव्या दाराखालचा तो तुकडा ड्रायव्हरला कुठल्याच साध्या आरशात दिसत नाही. वळण सुरू झालं की ट्रेलरचं अंग त्या दुचाकीवर येतं. ड्रायव्हरने काय करावं: इंडिकेटर खूप आधी, वळताना चालण्याचा वेग, दाराच्या वर, खाली पाहणारा गोल आरसा. आणि दुचाकीवाल्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही, एवढंच लक्षात ठेवावं: ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

हे सगळं शिकवणाऱ्या संस्था या पट्ट्याच्या उंबऱ्यातच आहेत. भोसरीला 1967 पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, नाशिक फाट्याजवळ वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे, वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यात आहे आणि चाकणलाही तिचं केंद्र आहे. ट्रकची केबिनही सुधारते आहे. 2025 मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात दुपारी दोन तास गार हवेत पाठ टेकलेला ड्रायव्हर रात्री वेगळाच माणूस असतो. पण रस्त्यावरचे जुने ट्रक अजून पुष्कळ वर्षं धावणार आहेत, आणि नव्या ट्रकलाही उभं राहायला जागा लागेलच.

शिकवणीत एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते, अपघातानंतर काय करायचं. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, त्याविरुद्ध तो उद्रेक होता. संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. चाकं थांबली तेव्हा शहरातल्या अनेकांना वाटलं, पळून जायची मुभा मागतायत. पण ड्रायव्हरला भीती असते ती जमावाची. मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमात जखमीला उपचार मिळवून देण्याचं कर्तव्य सांगताना, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवाद कायद्यानेच नोंदवून ठेवला आहे. म्हणजे जीव धोक्यात असेल तर तिथून हटावं, पण 112 ला फोन करावा, 108 ला रुग्णवाहिका मागावी आणि थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. हे प्रत्येक ड्रायव्हरला आणि रस्त्यावर गोळा होणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. पहिल्या तासात जखमी माणूस वाचतो किंवा जातो, आणि तो तास आपण ड्रायव्हरला बडवण्यात घालवतो.

ऑगस्ट 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे चाकणच्या चौकात कोंडी पाहायला आले होते. नाशिक फाटा ते खेड या 30 किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली आहे, खर्च 7,827 कोटी. कोंडीबद्दल बैठका होतात, अतिक्रमणं निघतात, चौक रुंद होतात. हे व्हायलाच हवं. पण उन्नत मार्गाने गाडी अर्ध्या तासात गेटवर पोहोचली आणि तिथे बारा तास थांबली, तर त्या ड्रायव्हरच्या रात्रीत काहीच बदलणार नाही.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं दगावली होती. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा यांनी मिळून त्या मार्गाची एकेक जागा तपासायला घेतली: कुठे कठडा नाही, कुठे ट्रक थांबतात, रुग्णवाहिका किती वेळात येते. पुढच्या वर्षांत मृत्यू पुष्कळ खाली आले. तीच नजर चाकणच्या गेटांवर वळवायची आहे. एकरभर जमिनीवर मुरमाचं वाहनतळ, दिवे, शौचालय, अंघोळीची सोय, आणि फोनवर येणारा नंबर, म्हणजे रांगेत जागत बसावं लागणार नाही. कोट्यवधींची यंत्रं बसवणाऱ्या कारखान्यांना हे जड नाही, आणि काही कारखान्यांनी वेळ ठरवून गाडी बोलावण्याची पद्धत सुरूही केली आहे.

माहिती तर आधीपासूनच आहे. गाडी कोणत्या टोलवरून कधी गेली हे फास्टॅग सांगतो. ती गेटवर कधी आली, आत कधी गेली, बाहेर कधी पडली, हे सुरक्षारक्षकाच्या रजिस्टरमध्ये मिनिटासह लिहिलेलं असतं. अपघातानंतर पोलीस गाडीचे कागद मागतात, ड्रायव्हरचं लायसन्स मागतात, रक्ताचा नमुना घेतात. त्याच वेळी आदल्या 48 तासांचं गेटचं रजिस्टरही जप्त करावं. त्यातल्या तिन्ही वेळा पंचनाम्यात आणि अपघाताच्या सरकारी नोंदीत उतरवाव्यात. आणि माणूस पंधरा तास ताटकळल्याचं दिसलं, तर माल मागवणाऱ्या कारखान्याच्या आणि गाडीच्या मालकाच्या जबाबदार अधिकाऱ्यालाही जबाबासाठी बोलवावं.